बर्फाखालचा विस्तव

आपल्या घरात आपण ‘राख’ म्हणतो, कन्नडमध्ये तिलाच ‘बूदी’ म्हणतात. दोन्ही शब्द ऐकले की चुलीतली मऊ भुकटी डोळ्यांपुढे येते. म्हणूनच ‘ज्वालामुखीची राख’ शिकवताना मी मुलांना आधी बजावतो, ही राख जळून उरलेली नव्हे. हा खडकाचा आणि काचेचा चुरा आहे! मग त्यांना रिडाउटची गोष्ट सांगतो.

रिडाउट हा अमेरिकेच्या अलास्का प्रांतातला ज्वालामुखी. उंची सुमारे ३१०० मीटर. अंगावर बारमाही हिमनद्या, पोटात विस्तव. डिसेंबर १९८९ मध्ये तो जागा झाला. १५ डिसेंबरला ॲमस्टरडॅमहून निघालेले केएलएम कंपनीचे विमान अँकरेजला उतरण्याच्या बेतात असताना त्याच्या राखेच्या ढगात शिरले. विमानाच्या रडारवर पावसाचे ढग दिसतात, ही कोरडी, बारीक राख दिसत नाही. इंजिनाच्या धगीत ती वितळली, आतल्या पात्यांना चिकटली आणि चारही इंजिने बंद पडली. आत २४५ माणसे! विमान चार हजार मीटरहून अधिक खाली आले. मात्र थंड झालेली काच तडकून सुटू लागली, वैमानिकांनी पुन:पुन्हा प्रयत्न केले आणि इंजिने सुरू झाली. सारे सुखरूप उतरले.

डोंगराचा दुसरा धोका बर्फाचा. उद्रेकाच्या उष्णतेने हिमनदी वितळली, की पाणी, चिखल आणि दगडगोटे यांचा लोंढा ड्रिफ्ट नदीतून खाली धावतो. नदीच्या मुखाजवळ तेलाच्या टाक्या होत्या. १९९० मध्ये लोंढा तिथवर पोहोचला, तेव्हा टाक्यांभोवती बांध घालावा लागला.

या अनुभवांतून जग शहाणे झाले. आज राखेच्या ढगांवर नजर ठेवणारी नऊ केंद्रे जगभर काम करतात आणि वैमानिकांना आगाऊ सूचना देतात. २००९ मध्ये रिडाउट पुन्हा उसळला, तेव्हा अनेक उड्डाणे रद्द झाली, अँकरेजचा विमानतळही काही काळ बंद ठेवला गेला.

परदेशातल्या लेकीचे किंवा मुलाचे विमान कुठल्याशा ज्वालामुखीमुळे अडकले, तर आपला जीव खालीवर होतो. ते साहजिकच आहे. पण अशा वेळी विमान जमिनीवर थांबलेले असणे, हीच खरी खुशाली समजावी.