डोळ्यांनी पाहिले म्हणून सत्य?

खालापूर तालुक्यातील चौकजवळ कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’ (२००८) या चित्रपटातील मोगल महाल तेथेच बांधले गेले. पडद्यावर दगडी भासणारी अशी भिंत मागून पाहिली की नुसता सांगाडा दिसतो. मानसशास्त्रीय थरारपटाचा देखावा याहून सूक्ष्म असतो. तो आपल्या मनातच उभा राहतो.

राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) हे याचे उत्तम मराठी उदाहरण. याच कथेवर पुढे हिंदीत ‘मेरा साया’ (१९६६) निघाला. एका वकिलाची पत्नी त्याच्यादेखत मरण पावते. पुढे गुन्हेगार म्हणून पकडलेली, हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी स्त्री ‘मीच तुमची पत्नी’ असे सांगू लागते. वकील तिला न्यायालयात खोटी ठरवू पाहतो आणि आपणही त्याच्याच बाजूचे होतो. अखेरीस उलगडते, की ती खरेच बोलत होती. मरण पावली ती तिची जुळी बहीण.

येथे दिग्दर्शकाने आपल्याला खोटा मृत्यू दाखविलेला नाही. त्याने हकिकत पतीच्या नजरेतून सांगितली, एवढेच. त्या गृहस्थाची प्रतिष्ठा आणि शोक पाहून आपण त्याची समजूत पुरावा न मागता स्वीकारली. ती स्त्री आरोपी म्हणून समोर आली, म्हणून तिचा खरा शब्दही आपल्याला कावा वाटला.

इतिहासाचा विद्यार्थी येथे थबकतो. आपल्या समाजाची हकिकतही शतकानुशतके इतरांच्याच नजरेतून सांगितली गेली. अस्पृश्यतेच्या उगमावरील आपल्या १९४८ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी वंश आणि व्यवसाय ही तिची रूढ कारणे तपासली व नाकारली. जे सर्वांना उघड दिसत होते, त्यालाच त्यांनी पुरावा मागितला.

भगवान बुद्धांनी कालामांना हेच सांगितले होते: ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा भारदस्त आहे, एवढ्यावरून काहीही स्वीकारू नका.

आज आपल्या मुलांच्या हाती मोबाइल आहे आणि त्यावर रोज नवा देखावा उभा राहतो. पालकांनी तो हिसकावून घेण्यापेक्षा मुलांसोबत बसून तीन प्रश्न विचारावेत: हे कोण सांगत आहे? पुरावा काय? आणि कोणाचे म्हणणे ऐकूनच घेतलेले नाही? सम्यक दृष्टीचा अभ्यास येथूनच सुरू होतो.