खानदेशातून आलेली काळी वाळू

सुट्टीच्या दिवशी सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतली खानदेशी मंडळी डुमसचा किनारा गाठतात. तिथली वाळू काळी का, याचं सुरतेत एक ठरलेलं उत्तर ऐकू येतं : इथे प्रेतं जाळत, त्यांच्या राखेने ती काळवंडली. खरं उत्तर मात्र या मंडळींच्या गावाकडे सापडतं.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून दख्खनचं पठार घडलं. त्या बेसॉल्ट खडकात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं. मुलताईपासून 724 किलोमीटर वाहणारी तापी आणि तिला मिळणाऱ्या गिरणा, पांझरा या नद्या त्या खडकाचे झिजलेले कण समुद्राकडे आणतात. पुढचं काम लाटांचं. सुपात धान्य पाखडावं तशी त्या वाळू निवडतात. क्वार्ट्झची घनता 2.65, मॅग्नेटाइटची जवळपास 5.2. परतणारी लाट हलके कण ओढून नेते, जड कण मागे उरतात. कागदात गुंडाळलेला लोहचुंबक वाळूवरून फिरवा, काळे कण त्याला चिकटतील.

उत्तरेला तापीचं मुख, दक्षिणेला मिंढोळाचं, पश्चिमेला समुद्र. डुमस असं तीन बाजूंनी पाण्याशी बांधलेलं आहे. इथली पायवाट समुद्र ठरवतो. खंबातच्या आखाताजवळ भरतीचं पाणी खूप चढतं आणि किनाऱ्याचा उतार मंद असल्याने ओहोटीला ते फार लांब हटतं. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे काल संध्याकाळी चाललेली वाट काही दिवसांनी त्याच वेळी पाण्याखाली असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर जास्तच सावध राहावं. वरच्या ओलसर वाळूवर पाय ठरतो, खालच्या चिखलात रुततो.

नदीतून ही वाळू सतत येत राहिली तरच किनारा टिकतो. 1972 मध्ये उकाई धरण पूर्ण झालं. त्याने सुरतेला पाणी आणि पुरापासून बरंच संरक्षण दिलं, पण वरून येणारी बरीच वाळू आता जलाशयाच्या तळाशी बसते. लाटांची ओढ मात्र पूर्वीइतकीच आहे, म्हणून किनारा झिजतो. त्यात हजिराच्या बाजूला बंदरं आणि धक्के उभे राहिले. अशा बांधकामांनी प्रवाह वळतात आणि गाळ बसण्याच्या जागाही बदलतात.

म्हणून डुमसची धूप थांबवण्यासाठी नुसती भिंत बांधून भागणार नाही. खोऱ्यातून किती वाळू निघते, धरणात किती अडते, नदीतून किती उपसली जाते, याचा हिशेब महाराष्ट्र आणि गुजरात यांनी एकत्र मांडायला हवा.