गोळीला बोल लावण्यापूर्वी

मुळशी हा भाताचा तालुका. आषाढात पावसाने जोर धरला, की उरवड्यासारख्या गावी लावणीची लगबग सुरू होते. पिरंगुट परिसरातील कारखान्यांत वर्ष काढणाऱ्यालाही मग दिवसभर चिखलात वाकून उभे राहावे लागते. अंगवळणी नसलेल्या या श्रमाने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या-पोटऱ्या भरून येतात. हा स्नायूंचा धर्मच होय. परंतु ज्याला कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन वर्गातील गोळी चालू आहे, तो प्रथम गोळीलाच बोल लावतो आणि पुष्कळदा ती परस्पर बंद करतो.

ही शंका सर्वस्वी निराधार नाही. या वर्गातील पहिले द्रव्य १९७३ साली अकिरा एंडो या जपानी संशोधकाला गवसले, तेही तांदळावरील बुरशीत. पुढे २००१ मध्ये सेरिव्हास्टॅटिन हे औषध स्नायूंच्या गंभीर हानीमुळे मृत्यू ओढवल्याने मागे घ्यावे लागले. अमेरिकेतील २०१३ च्या एका प्रयोगात बारा आठवड्यांच्या व्यायामाने इतरांची क्षमता सुमारे १० टक्के वाढली. सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांची जेमतेम दीड टक्का.

परंतु दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. त्रासामुळे गोळी सोडलेल्या ६० जणांना ब्रिटनमध्ये आळीपाळीने खरी व औषधविरहित गोळी देण्यात आली. २०२० साली निष्कर्ष निघाला, की त्रासाचा नऊ-दशांश भाग औषधविरहित गोळीनेही होत होता. नेदरलँड्समध्ये चार दिवस रोज ३० ते ५० किलोमीटर चालणाऱ्यांत स्टॅटिन घेणाऱ्यांच्या स्नायूंना इतरांहून अधिक इजा झाली नाही, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

अडचण आहे ती हिशेबाची. दुखणे आज जाणवते. टळलेला हृदयविकार मात्र कोणालाच दिसत नाही. खर्च डोळ्यांत भरतो, लाभ अदृश्य राहतो आणि निर्णय चुकतो.

याचा अर्थ रुग्णाची तक्रार मनाचा खेळ म्हणून उडवून लावावी, असा नव्हे. वेदना खरीच असते. शोधायचे असते ते तिचे कारण. थायरॉईडच्या मंदपणाने कोलेस्टेरॉलही वाढते आणि स्नायूही दुखतात. रक्तातील ‘सीके’ हे द्रव्य नुसत्या कष्टानेही वाढते. म्हणून तपासणीपूर्वी लावणीची हकीकत डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे. गरज पडल्यास मात्रा कमी करता येते, औषधही बदलता येते. मात्र लघवी काळपट झाली किंवा हातापायांतील बळच गेले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

एरवी, चार दिवसांत ओसरणाऱ्या अंगदुखीपायी आयुष्यभराचे संरक्षण सोडून देणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरेल.