खोटं सोसत नाही

भाईंदर म्हटलं की स्टीलची भांडी आठवतात. ‘३०४’ जातीच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ‘मला खोटं सोसत नाही’ म्हणणाऱ्या बाईचा कान पिकवणारं निकेल ते हेच. मग रोज स्टीलच्या ताटात जेवूनही तिची बोटं का सुजत नाहीत?

ही किमया क्रोमियमची. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचा जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा थर भांड्यावर बसतो. ओरखडा पडला तरी तो आपोआप पुन्हा जमतो आणि निकेल आत कोंडून ठेवतो. खोट्या दागिन्याला मात्र नुसता मुलामा. तो झिजला, घामातलं मीठ आत पोचलं (मे महिन्यातल्या विरार लोकलमध्ये घामाला काय तोटा!) की निकेलचे आयन सुटतात आणि त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतात. शरीराच्या टी-पेशी त्यांना परकं ठरवतात, आणि हे वैर बहुधा जन्मभर टिकतं. ‘खरं’ असूनही पांढऱ्या सोन्यात कधीकधी निकेल असतं, तेव्हा तेही सोसत नाही.

पुरळ उठायला एक ते तीन दिवस लागतात. तोवर लग्नात घातलेले झुमके डब्यात गेलेले असतात आणि आळ येतो कालच्या कोळंबीवर. म्हणूनच १८९५ साली त्वचारोगतज्ज्ञ योझेफ यादासोन यांनी मांडलेली पॅच टेस्ट आजही उपयोगी पडते. संशयित पदार्थांच्या चकत्या पाठीवर ४८ तास चिकटवतात. त्या काढल्यावर त्वचा तपासतात आणि एकदोन दिवसांनी पुन्हा पाहतात. तोवर पाठ कोरडी ठेवायची, हे खाडीकाठच्या दमट हवेत सर्वांत अवघड.

बेंबीखालचा चट्टा बहुतेकदा जीन्सच्या बटणाचा असतो. आत कापड शिवलं तर फरक पडतो. मूळ वस्तू दूर केल्याखेरीज मलमाचा उपयोग तात्पुरताच. स्टेरॉइडचं मलम डॉक्टर सांगतील तितकेच दिवस लावावं. चट्टा गजकर्णाचा असेल आणि त्यावर दुकानातून आणलेलं स्टेरॉइडयुक्त मिश्र मलम चोळलं, तर गजकर्ण आणखी पसरतं.

भांडी घासून हात फुटतात तेव्हा मात्र स्टील बहुधा निर्दोष असतं. तिथे साबण आणि सततचं पाणी त्वचेतलं तेल धुऊन नेतात. ती ॲलर्जी नव्हे, जळजळ. रबरी हातमोजे घालावेत, पण आत सुती मोजे हवेत, कारण काहींना रबरही सोसत नाही.