ग्राफिक्स कार्ड घ्यायच्या आधी

आज बोलायचंय ते आमच्या अंबाजोगाईच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरबद्दल. सगळ्या बचत गटांचे हिशोब त्यावरच असतात. विंडोज १० ला कंपनीची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि विंडोज ११ त्या मशीनवर चालेना. म्हणून लिनक्स मिंट टाकायचं ठरवलं. ते फुकट आहे, त्यात मराठी लिहिता येतं. पण सुरू केलं तर पडदा काळा! दुकानदार म्हणाला, "ताई, नवीन ग्राफिक्स कार्ड लागेल."

पैसे गटाचे, त्यामुळे मी थांबले. गटातल्या एका ताईंच्या मुलाने मशीन बंद करून आत बसवलेलं जुनं एनव्हिडिया कार्ड काढलं आणि पडद्याची वायर मशीनच्या मूळ बोर्डाला जोडली. चित्र आलं!

असं का झालं? पडद्यावर चित्र उमटवणारा भाग बहुतेक इंटेल चिपमध्ये आधीच असतो. (चिपच्या नंबरामागे 'एफ' असेल तर मात्र नसतो, जुनं मशीन घेताना एवढं विचाराच.) हिशोब, टायपिंग, व्हिडिओ यांना तेवढं पुरतं. वेगळं कार्ड लागतं ते मोठे गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगला.

कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर लिनक्सच्या सोबतच येतात, वेगळं काही टाकावं लागत नाही. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर बहुधा वेगळा टाकावा लागतो. मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडून तो टाकता येतो, पण जुन्या कार्डांना कंपनीचे नवे ड्रायव्हर चालत नाहीत. स्वस्तातलं जीटी ७१० त्यातलंच. एनव्हिडियाची नवी कार्डं लिनक्सवर चालतात, वाईट नाहीत. पण दुरुस्तीला माणूस जवळ नसेल तर मी एएमडीच घेईन.

म्हैस घेताना आपण आधी धार काढून बघतो ना? तसंच इथे. मिंट पेनड्राइव्हवर घ्या, दुकानात मशीनला लावा आणि काही न टाकता तिथूनच सुरू करा. पडदा नीट दिसतो का, व्हिडिओ अडखळतो का, मशीन झोपवून उठवलं की चित्र परत येतं का, हे बघूनच पैसे मोजा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या. मोठ्या कार्डाला वीजपुरवठ्याची जादा वायर लागते, तीही तपासा.

आमचं काढलेलं कार्ड कपाटात पडून आहे. त्या पैशांत आम्ही एसएसडी बसवली, आणि आता चहा उकळायच्या आत मशीन सुरू होतं.