शोधपत्रकारिता : धाडसाइतकीच चिकाटी हवी

१९८१ साली ‘इंडियन एक्स्प्रेस’चे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी २,३०० रुपये मोजून एक स्त्री विकत घेतली. देशात स्त्रियांची खरेदी-विक्री चालते, हे त्यांना पुराव्यानिशी दाखवायचे होते. बातमीने खळबळ माजली. याच घटनेवरून विजय तेंडुलकरांना ‘कमला’ हे नाटक सुचले. नाटक पाहणाऱ्याच्या मनात मात्र प्रश्न उरतो : बातमी झाली, पण त्या बाईचे पुढे काय?

पदवीनंतर शोधपत्रकारिता शिकू पाहणाऱ्या मुलामुलींनी या प्रश्नापासूनच सुरुवात करायला हवी.

कुठे शिकाल?

कोणत्याही शाखेचा पदवीधर पत्रकारितेकडे वळू शकतो. चेन्नईचे एशियन कॉलेज ऑफ जर्नलिझम, दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था, पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट ही यातली परिचित नावे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तर २००६ पासून शोधपत्रकारितेसाठी स्वतंत्र केंद्रच आहे.

काय शिकाल?

वेषांतर आणि छुपा कॅमेरा ही सिनेमातली चित्रे. खरे काम असते कागद वाचण्याचे. सातबारा, निविदा, कंपन्यांचे ताळेबंद, न्यायालयाचे निकाल, सगळे काही वाचता यावे लागते. समजा, शाळेच्या नोंदवहीत दोनशे मुलांच्या पोषण आहाराचा तांदूळ खर्ची पडला आहे आणि हजेरीपटावर मुले आहेत सव्वाशे. दोन्ही कागद शेजारी ठेवले की बातमी दिसू लागते. पण लगेच छापायची नाही. मुख्याध्यापकांची बाजू ऐकायची, आकडे पुन्हा पडताळायचे. चूक झाली तर निरपराध माणसाची अब्रू जाते.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याने हे कागद मिळवणे सोपे केले. दहा रुपये शुल्काचा अर्ज केला की साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे सरकारी कार्यालयावर बंधनकारक आहे. उत्तर आले नाही, तर अपील करता येते.

जपायचे कोणाला?

माहिती देणारा कारकून किंवा परिचारिका आपली नोकरी पणाला लावत असते. त्यांचे नाव गुप्त ठेवणे, हा या शिक्षणातला सर्वांत मोठा धडा. जोखीम पत्रकारालाही असते, म्हणून आईवडिलांची काळजी रास्तच आहे. मात्र ज्या मुलीला हिशेबातली तफावत स्वस्थ बसू देत नाही, तिला नुसते ‘नको’ म्हणण्याऐवजी नीट शिकू द्यावे. बातमीइतकीच बातमीतल्या माणसाची काळजी घेणारे पत्रकार हवेच आहेत.