स्कॅन नॉर्मल, तरी त्रास का?

दुचाकीवरून पडल्यावर सीटी स्कॅन नॉर्मल आला की घरचे निर्धास्त होतात. पण स्कॅन शोधतो तो रक्तस्राव किंवा कवटीचं फ्रॅक्चर. मेंदूला नुसता बसलेला हादरा त्यात सहसा दिसत नाही. बहुतेक प्रौढांना दोनेक आठवड्यांत बरं वाटतं. काहींचं मात्र महिनोन्महिने रेंगाळतं: कुकरची शिट्टी सहन होत नाही, पेपरातली तीच ओळ पुन्हापुन्हा वाचावी लागते, क्षुल्लक कारणावरून भडका उडतो.

ज्यांना आधीपासून नैराश्य किंवा चिंताविकार आहे, त्यांच्यात हे रेंगाळणं जास्त आढळतं. उलटंही घडतं, हादऱ्यानंतर नैराश्य नव्यानेच जडतं. झोपमोड, थकवा, विसराळूपणा दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे मूळ कुठलं हे सांगणं तज्ज्ञांनाही जड जातं. ‘मनाचे खेळ’ म्हणून हात झटकणं मात्र सपशेल चूक. त्रास खरा असतो, आणि नैराश्यावर उपचार झाले की काहींची डोकेदुखीही हलकी होते.

अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहायचा जुना सल्ला आता मागे पडलाय. खेळात मेंदूला बसणाऱ्या हादऱ्यांवर 2022 मध्ये ॲमस्टरडॅमला झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतल्या तज्ज्ञांनी खेळाडूंसाठी पहिले दोन दिवस बेताची विश्रांती आणि मग झेपेल तसा हलका व्यायाम सुचवला. उलट्या थांबेनात, डोकेदुखी वाढतच गेली किंवा गुंगी येऊ लागली, तर मात्र थेट इस्पितळ गाठावं.